वरीलप्रमाणे

३ एप्रिल, शुक्र. लातूर.

दिवसभर नुसतं 'होय' दाबलं. ऑफिसात नकाशाच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडलाय. त्याला साध्या मराठीत काम सांगायचं, तो सॉफ्टवेअरला हुकूम सोडतो. पण प्रत्येक हुकमाआधी विचारतो. नकाशा उघडू का? होय. वस्ती निवडू का? होय. नाव बदलू का? होय. जतन करू का? होय. एका वस्तीला चार होय, आणि वस्त्या सव्वातीनशे. आमच्याकडे लग्नात नवरीला एकदा विचारलं तरी पुष्कळ.

शेजारच्या खुर्चीवरून बसूभाऊ म्हणतो, "अक्का, ह्याच्यापरीस हातानं केलं असतं तर आतापर्यंत घरी गेलो असतो की." बसूभाऊ उदगीरचा. बाईमाणूस दिसलं की अक्का. कपाळाला विभूती, खिशात शेंगदाणे.

संध्याकाळपर्यंत एकतीस झाल्या. बोट दुखतंय. टँकर आज पण नाही.

४ एप्रिल, शनि.

काल लिहायचं टाळलं, आज लिहिते. कामाचं. लातूर-नांदेडकडच्या गावांच्या नकाशांवर ज्या वस्त्यांना जातीवरून नावं पडलीत, ती काढायची आणि ग्रामसभांनी ठरवलेली नवी टाकायची. वरून आदेश येऊन बरेच दिवस झाले, नकाशे मात्र जसेच्या तसे.

गुरुवारी शेख सरांनी यादी टेबलावर ठेवली आणि घुटमळले. आमचे साहेब तसे कशाला घुटमळणारे नाहीत. "सुजाताबाई, तुमको नको असेल तर बसू को देतो." मी म्हटलं, मलाच द्या. जरा जोरात म्हटलं गेलं.

आमच्या वस्तीचं जुनं नाव मी या वहीत लिहिणार नाही. जु.ना. एवढंच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे, तेवढं बस झालं.

६ एप्रिल, सोम.

एजंटला शोधायला लावायचं तर जु.ना. टाईप करावंच लागतं. शुक्रवारी एकतीस वेळा केलं होतं. आज पहिल्यालाच हात अडला.

बसूभाऊला वाटलं मशीन अडलं. आला, स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं आणि मधेच गप्प झाला. कान लाल. म्हणाला, "शेंगदाणे घे अक्का." घेतले.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले तेवढ्यात त्याने एक केलं. सगळी जुनी नावं एका तक्त्यात टाकली, त्याला नाव दिलं 'तक्ता अ'. नवी नावं 'तक्ता ब'. आता एजंटला एवढंच सांगायचं: अ मधलं काढ, ब मधलं घाल. ते अक्षर माझ्या बोटांना पुन्हा लागणार नाही. मी आभार मानले नाहीत. उद्या डब्यात धपाटे चार जास्त.

८ एप्रिल, बुध.

सापडलं! एजंट एकेक हुकूम विचारत बसतो कारण आपण त्याला एकेक काम देतो. पन्नास वस्त्यांचे सगळे हुकूम एकत्र बांधून दिले तर एकदाच विचारतो, एकदाच होय, आणि पाच मिनिटांत पन्नासच्या पन्नास. मी त्याला गठ्ठा म्हणते. टपालातला शब्द, माझ्या वडिलांचा. अण्णांचा.

सगळ्यात छान म्हणजे गठ्ठा एकच धरला जातो. मधे एक हुकूम अडला तर पूर्ण गठ्ठा परत फिरतो, अर्धवट काही राहत नाही. आणि चुकलं तर 'मागे घ्या' एकदाच. पहिला गठ्ठा बाराव्या वस्तीवर अडला (वेलांटी चुकली होती), सगळा परत आला. दुसऱ्यांदा गेला.

बसूभाऊ आधी म्हणत होता, "आगोदिल्ला अक्का." म्हणजे कन्नडमध्ये जमायचं नाही. आता तोच शेख सरांना बोलावून दाखवत होता, जसा काही त्यानेच शोध लावला.

शुक्रवारच्या एकतीस वजा जाता उरलेल्यांचे सहा गठ्ठे. सहा होय. बाई, सुटले.

९ एप्रिल, गुरु.

अण्णांचा फोन. "काय करून राहिलीस माय?"

म्हटलं, एजंटाकडून काम करून घेतेय.

"एजंट? तहसीलच्या दारात बसतेत तसले? चहापाण्याचं मागतो का?"

हसून हसून पुरे. मग समजावून सांगितलं. सत्तावीस वर्षं पोस्टमन होते, गठ्ठा म्हटल्यावर लगेच कळलं. फक्त विचारलं, "एका फटक्यात पन्नास. वाचून बघतीस का पन्नास?"

म्हटलं, यादीत जे आहे तेच जातं अण्णा, त्यात वाचायचं काय.

"हं," म्हणाले. मला तो 'हं' माहीत आहे. शाळेत गणितात पस्तीस पडले तेव्हा तोच होता.

१० एप्रिल, शुक्र.

सहावा गठ्ठा गेला. आमचं सांगवण खु. याच गठ्ठ्यात. त्या नकाशाचा मोठा प्रिंट काढला आणि न बघता गुंडाळी केली. चौदाला गावी जायचंय, अण्णांसोबतच उलगडायचा.

अण्णांचं आठवत बसले. आमच्या वस्तीच्या प्रत्येक पत्रावर पत्त्यात जु.ना. असायचं. अण्णा पत्र देण्याआधी त्यावर निळ्या पेनाने एक रेघ मारायचे आणि वर लिहायचे: ओढाकाठ. वस्ती ओढ्याच्या काठाला, म्हणून. दुसरं काही नाही. एकदा साहेबांनी बोलावून सांगितलं, पत्त्यात खाडाखोड करत जाऊ नका. अण्णा हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत रेघ. सत्तावीस वर्षं, एकेक पत्र. आणि त्यांची लेक सहा वेळा होय दाबून मोकळी.

१४ एप्रिल, मंगळ. सांगवण खु.

जयंती. पहाटेची देगलूर गाडी, उदगीरला थांबून चहा. वस्तीत निळ्या पताका, पोरं सकाळपासून स्पीकर लावायच्या गडबडीत. अण्णांनी नवीन पांढरा शर्ट घातलेला. शेजारची गयामाय भाकरी घेऊन आली (आईनंतर अण्णांचं जेवणखाण तीच बघते), ती पण बसली.

बाजेवर नकाशा उलगडला. अण्णांनी भिंग घेतलं आणि वरून सुरुवात केली. "शाळा, बरोबर. मारोतीचं देऊळ, बरोबर. ओढ्याचं वळण जरा चुकलंय, पण चालतंय." बोट खाली खाली येत आमच्या वस्तीवर आलं. थांबलं. भिंग जवळ, लांब, परत जवळ.

"वरीलप्रमाणे," अण्णांनी वाचलं.

मला वाटलं चेष्टा करतायत. वाकून बघितलं. आमच्या चाळीस घरांवर, सुंदर मोठ्या अक्षरात: वरीलप्रमाणे.

ग्रामसेवकाने यादीत नावाच्या जागी तेवढंच लिहिलं असणार, सरकारी सवयीने. आणि एजंटने ते नाव समजून छापलं.

गयामाय विचारते, "काय म्हनून लिवलंय?" अण्णा म्हणाले, "आपल्या वस्तीचं नाव ठिवलंय गयाबाई. वरीलप्रमाणे." मग बोट वर सरकवत नेलं. नकाशात आमच्या वर सगळं गाव आहे. "वर कोण हाय आपल्या? गावच हाय की. म्हंजे गाव म्हनंल तसं."

आधी तेच हसले. गयामाय पण हसली. मला हसू येईना. नंतर अण्णा एवढंच म्हणाले, "वाचायला पाहिजे होतं माय." रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मिरवणुकीत नाचले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं.

१५ एप्रिल, बुध. लातूर.

सकाळी पहिलं काम: 'वरीलप्रमाणे' किती ठिकाणी पडलंय ते एजंटला विचारलं. एकोणीस. एकोणीस गावांत वरीलप्रमाणे नावाची वस्ती आहे! बसूभाऊने कपाळावर हात मारला, विभूती पुसली गेली.

एजंट मोठा शहाणा. लगेच म्हणतो: 'वरीलप्रमाणे' म्हणजे वरच्या नोंदीतील नाव असे दिसते. वरील नोंदीतील नाव भरू का?

हात सवयीने होयवर. झालं.

या वेळी मात्र आधी आमच्याच गावाचं उघडून बघितलं. आमची वस्ती झाली 'स्टेशन वस्ती'. सांगवणला स्टेशन! एस.टी. दिवसातून दोनदा येते, तीही आली तर. रेल्वे बघायची तर आमच्या माणसाने जेवणाचा डबा बांधून निघावं.

'मागे घ्या' दाबलं. एकोणीसच्या एकोणीस एका झटक्यात परत 'वरीलप्रमाणे'. एवढी बरी वाटलेली गोष्ट या महिन्यात दुसरी नाही.

पण स्टेशन आलं कुठून?

१६ एप्रिल, गुरु.

स्टेशनचा पत्ता लागला. बसूभाऊने.

सकाळीच आला, बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "अक्का, चूक माझी हाय." तक्ता ब करताना त्याने गावांची यादी अकारविल्हे लावून घेतली होती, नकाशाच्या क्रमाशी जुळावी म्हणून. त्यात रांगा खालीवर झाल्या. 'वरीलप्रमाणे' मात्र जिथल्या तिथे. आता त्याच्या वर भलतंच गाव, रेल्वेवालं.

शेख सरांच्या कपाटातून मूळ कागद काढला. त्यात आधी सांगवण बु., नाव 'समतानगर'. त्याच्या खाली सांगवण खु., नाव 'वरीलप्रमाणे'. मोठं गाव आधी, धाकटं खाली, सगळे कागद असेच असतात. पण अकारविल्हे लावलं की ख आधी येतो आणि ब नंतर. खुर्द गेलं बुद्रुकच्या वर. जन्मात पहिल्यांदा! आणि गेलं ते स्टेशनच्या खाली.

बसूभाऊला म्हटलं, चूक तुझी एकट्याची नाही, होय तर मीच दाबलं. त्याला ते पटलं नाही. दिवसभर शेंगदाणे काढले नाहीत.

१७ एप्रिल, शुक्र.

एकोणीस ग्रामसेवकांना फोन. हे काही गठ्ठ्याने होत नाही. अठरा ठिकाणी नीट उत्तर मिळालं: ग्रामसभेत विषय झाला होता, नाव खरंच शेजारच्या गावासारखंच ठरलं होतं, लिहायचा कंटाळा म्हणून वरीलप्रमाणे. अठरा नावं कागदावर उतरवून घेतली. इस्लापूरकडच्या एकांनी तर ठराव फोनवर वाचून दाखवला, धबधबा बघायला या म्हणाले.

एकोणिसावं आमचं. ग्रामसेवक ओळखीचे, माणूस वाईट नाही. दोन्ही सांगवण मिळून ग्रामपंचायत एक. सभा बुद्रुकला होते, ओढ्यापलीकडे.

मी विचारलं, खुर्दच्या वस्तीतल्या लोकांनी समतानगर म्हटलं का?

"मॅडम, तिकडचं कुणी सभेला आलंच न्हाई. मग बुद्रुकचं ठरलं तेच खुर्दला बी लावलं. चांगलंच नाव हाय की."

चांगलंच आहे. मी काही वाईट म्हटलं नाही. मी विचारलं, सभा आहे असं वस्तीत कोणी सांगायला गेलं होतं का?

"बोर्डावर लावली होती नोटीस." बोर्ड कुठे? बुद्रुकला.

फोन ठेवला आणि पाणी प्यायले.

१९ एप्रिल, रवि.

अण्णांना सगळं सांगितलं. स्टेशन वस्तीवर इतके हसले की ठसका लागला.

मग मी जे विचारायचं ठरवलं होतं ते विचारलं. शेख सर काल सहज बोलून गेले होते, "अरे तुमचाच गाव है, तुम्हीच टाका एखादं अच्छा नाव, कौन पूछता?" आणि ते खरं आहे. एक हुकूम. एक होय. पुढची पन्नास वर्षं प्रत्येक नकाशावर तेच. काल दिवसभर माझ्या मनात एकच शब्द होता, ओढाकाठ.

तो शब्द मी बोलले नाही. एवढंच विचारलं, तुमच्या मनात कोणतं नाव आहे ते सांगा, मी टाकते.

"मी एकटा कोण सांगणारा?"

मी म्हटलं, तुम्ही नाही तर कोण. सत्तावीस वर्षं...

"ऐक माय. त्यांनी आपल्याला न इचारता नाव ठिवलं. आता तू बी न इचारता ठिवशील. मग त्यांच्यात अन् तुझ्यात फरक काय ऱ्हायला?"

मग म्हणाले, एक मेला ग्रामसभा हाय. बघू.

वाईट वाटलं, आणि एक ओझंही उतरलं. दोन्ही एकदम. कालपासून छातीवर बसलेलं होतं ते. टाकलं असतं मी. खरंच टाकलं असतं.

२२ एप्रिल, बुध.

अठरा नावांचा गठ्ठा गेला. अठराही नकाशे उघडून एकेक वाचले. एका ठिकाणी अनुस्वार सुटलेला सापडला. अण्णांचं 'हं' जिंकलं. आता बाकीचे सगळे नकाशेही एकेक वाचायला घेतलेत.

एजंटला आता कायमचं सांगून ठेवलंय: नावाच्या जागी नाव नसेल तर थांब आणि विचार, स्वतःचं डोकं चालवू नकोस. बसूभाऊ म्हणतो, "अक्का, हे वाक्य माझ्या भावाला बी शिकव." शेंगदाणे परत सुरू झाले.

राहिलं एक. सांगवण खु. तीस तारखेला नांदेडला सगळे नकाशे द्यायचे, सभा एक तारखेला. एका दिवसाने चुकतंय. शेख सर म्हणाले, "समतानगर डालो, बाद में बदलना." बाद में बदलणं काय असतं ते आम्हाला विचारा. जु.ना. बदलायला किती वर्षं लागली.

'नाव प्रलंबित' असं टाकायचं बसूभाऊने सुचवलं. म्हटलं, ते छापलं गेलं तर आमची वस्ती प्रलंबित नगर होईल. त्याला एकदम पटलं.

२५ एप्रिल, शनि.

शेख सरांशी बोलले. नाव रिकामं ठेवू, घरं आणि हद्द दाखवू. ते आधी "फॉरमॅट में नाही बसणार" वगैरे. मग मी अण्णांची गोष्ट सांगितली, निळ्या पेनाची. ऑफिसात घरचं बोलायची मला सवय नाही, तरी सांगितली. सर चष्मा काढून खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, "हमारे मोहल्ले का नाव बी नकाशे में गलत है, बीस साल से. किसी ने पूछा नहीं." मग, "चलो, मैं खुद आता नांदेडला. मैं बोलता."

साहेब लोकांबद्दलची माझी दोन-तीन मतं आज बदलावी लागली.

३० एप्रिल, गुरु. नांदेड.

ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. शेख सर, मी, नकाशांच्या दोन पेट्या.

तिथल्या मॅडमनी एकेक बघायला घेतलं. सांगवण खु. आलं. "इथे नाव कुठंय?" शेख सर बोलायला लागले, हिंदी-मराठी-उर्दू सगळं एकत्र, त्यात निळं पेन पण आलं. मॅडमनी हात वर करून थांबवलं. "म्हणजे उद्या सभेत विचारणार? मग रिकामं असू द्या. चुकीचं लिहिण्यापेक्षा रिकामं बरं." आणि शिक्का.

एवढंच होतं. एवढ्यासाठी मी दहा दिवस जेवले नाही नीट.

त्यांच्याच मशीनवर शेवटची तपासणी. एजंटला विचारलं, तक्ता अ मधलं कोणतंही नाव कोणत्याही नकाशावर कुठे उरलंय का? थोडा वेळ फिरलं. उत्तर: शून्य.

परत विचारलं. शून्य.

बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस घेतला, दोन ग्लास. रडू येत होतं आणि शेख सर समोर होते म्हणून बर्फाकडे बघत बसले. अण्णांना फोन केला. म्हटलं, कुठेच नाही आता ते. सव्वातीनशेत एकाही ठिकाणी नाही.

"सगळे वाचून बघितलेस?"

"सगळे अण्णा. एकेक."

"मग झालं," म्हणाले. "मग झालं माय."

१ मे, शुक्र. लातूर.

सभेला गेले नाही. मी गेले असते तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघत राहिले असते, नकाशावाली आली म्हणून. सकाळपासून खोलीत येरझाऱ्या. दोनदा चहा केला, दोनदा उतू गेला.

दुपारी अण्णांचा फोन. पाऊण तास. एवढं ते वर्षभरात बोलत नाहीत.

पस्तीस माणसं गेली म्हणे वस्तीतली, बायका धरून. ओढा उतरून. गयामाय काठी टेकत. बुद्रुकचे लोक बघतच राहिले, आज काय मोर्चा हाय का म्हणून. ग्रामसेवकाने विषय काढला आणि विचारलं, वस्तीचं नाव काय ठेवायचं, बोला.

"मग?"

"मग काय, भांडले! लई भांडले." आवाजात नुसता आनंद. "कुनी म्हनलं समतानगरच चांगलं हाय. पोरांनी एक काढलं लांबलचक, बोर्डावर मावायचं न्हाई असलं. बायांनी येगळंच. दीड तास. आरं, पहिल्यांदाच इचारलं तर भांडनारच की मानूस!"

मग, "गयाबाई बी उठली."

"काय म्हणाली?"

"म्हनली, माझ्या पोराच्या पत्रावर पोस्टमन जे लिवायचा तेच टाका. मला वाचता येत न्हाई, पर वाचून दावलेलं ध्यानात हाय. ओढाकाठ."

मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

"मी? मी चष्मा पुसून ऱ्हायलो होतो."

ठरलं काही नाही. चार नावं, एकमत नाही. विषय पुढच्या सभेत. अण्णांनी सही करायच्या आधी ग्रामसेवकाला कागद मोठ्याने वाचायला लावला. "वरीलप्रमाणे कुठं न्हाई ना, ते बघितलं आधी."

२ मे, शनि.

गावातून तीन फोन. पहिल्याचं म्हणणं समतानगरच टाक. दुसरी पोरांच्या लांबलचक नावासाठी. तिसरी गयामाय, कुणाच्या तरी फोनवरून: "तुज्या बापाला सांग, सभेत तोंड उघडत जा म्हनून." तिघांनाही एकच सांगितलं, माझ्या हातात काही नाही, सभेत बोला. असं सांगताना इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

अण्णांना विचारलं, तुमचं मत कुणाला? म्हणाले, सांगनार न्हाई. मग म्हणाले, सभेपर्यंत ऱ्हाऊ दे रिकामं. रिकामं बी चांगलं दिसतंय.

४ मे, सोम.

ऑफिसात गेल्यावर बसूभाऊने नांदेडचं सगळं दोनदा ऐकलं. 'शून्य' म्हटल्यावर टाळी. धपाटे संपवले.

दुसऱ्या कामाचे नकाशे लावायला सॉफ्टवेअर उघडलं. उघडल्या उघडल्या एजंट:

सांगवण खु. येथे एका वस्तीचे नाव रिकामे आहे. वरील नोंदीतील नाव भरू का?

खाली दोन बटणं. महिनाभर डावं दाबत आले. उजवं कधी दाबलंच नव्हतं, तिथे बाण न्यायलाही जरा शोधावं लागलं.

नाही.